तिला इतक्यात सांगू नका

गेल्या आठवड्यात इथे डब्लिनला, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरची एक आयरिश बाई सांगत होती, की ती सुट्टीला ग्रीसला चाललीय. समुद्राकाठचं, तटबंदीचं जुनं गाव. तिने नाव घेतलं आणि माझा चमचा डब्यातच राहिला. दुसरी एक लगेच म्हणाली, अगं, ही जाऊन आलीय की तिथे, हिलाच विचार. मग काय, सांगितलं मी. वरचा किल्ला सकाळी लवकर चढ, ऊन तापलं की त्या पायऱ्या जीव काढतात. पायऱ्या नको असतील तर मागच्या बाजूने टॅक्सी पार दारापर्यंत जाते. समुद्रातल्या छोट्या किल्ल्यावर धक्क्यावरून होडी सुटते. चौकातली फरशी संगमरवरी आहे, ओली झाली की घसरते, चपला बघून घाल. टेकडीला वळसा घालून पाण्याच्या कडेने पायवाट आहे, ती संध्याकाळी कर. आणि धक्क्यावरच्या पहिल्या रांगेत जेवू नकोस, तिथे नुसता भपका, मागच्या गल्लीत जा. ती भराभरा फोनवर टिपून घेत होती. 'ग्रँड' म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास. मग विचारलं, तुला स्वतःला काय आवडलं सगळ्यात जास्त? मी म्हटलं, सगळंच छान आहे गं.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. गाव चांगलं आहे, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्या पायऱ्या चढत होते तेव्हा तिकडे अलिबागला माझे वडील, आमचे अण्णा, आयसीयूत होते. आणि दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर पाय पसरून आइस्क्रीम खात होते तेव्हा त्यांना नेऊन पोचवून लोक घरी परतले होते. सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, पुण्याच्या आत्याला. माझ्या शेजारी बसून आइस्क्रीम खाणाऱ्या माझ्या नवऱ्याला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. अळीमिळी गुपचिळी.

तर त्या गावात काय काय बघावं, त्याचं खरं उत्तर हे आहे. कॅन्टीनमध्ये देण्याजोगं ते नव्हतं.

ती सहल मुळात अण्णांचीच. अलिबागजवळच्या खत कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि आयुष्यभराचे रविवार किल्ल्यांना वाहिले. आम्ही भावंडं ओहोटी लागली की त्यांच्यामागून चिखल तुडवत कुलाब्याच्या किल्ल्यात जायचो. दुसरी माणसं तोफा बघत, बुरूज बघत. अण्णा आधी विहीर बघायचे. कुठल्याही किल्ल्यात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: गोडं पाणी कुठे? किल्ला तटाने लढत नाही, पाण्याने लढतो, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, ह्या माणसाला स्वर्गात नेलं तरी आधी टाकी दाखवा म्हणेल.

निवृत्तीनंतर टीव्हीवर कुठल्यातरी कार्यक्रमात त्यांनी ते ग्रीक गाव पाहिलं. मला डब्लिनला फोन. अगो, समुद्रात किल्ला आहे, वर डोंगरावर दुसरा आहे, मधे गाव आहे, आणि हे सगळं तुझ्यापासून चार तासांच्या विमानावर आहे, आणि तू तिथे पंधरा वर्षं काय करत्येस? झालं. त्या उन्हाळ्यात आईअण्णा दोन महिने आमच्याकडे, डब्लिनच्या कडेला ओंगारला येणार, आणि मधेच सगळ्यांनी मिळून ग्रीसला जायचं असं ठरलं. आयर्लंडचा व्हिसा वेगळा, ग्रीसचा वेगळा, दोन्हींची लढाई मी लढले. विमानाच्या महिनाभर आधी अण्णांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, विमान विसरा.

मी सगळंच रद्द करायला निघाले होते. अण्णा चिडले. माझ्यासारखेच चिडके होते. म्हणजे मी त्यांच्यासारखी. म्हणाले, तुम्ही जा, पोरीला दाखवा, मला फोनवरून दाखव. मी इथे झोपाळ्यावर बसून बघतो, पायऱ्याही चढाव्या लागणार नाहीत. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलते इंग्रजीत, तेही पक्क्या डब्लिनी हेल काढून, आणि अण्णा तिला 'आमची मडमीण' म्हणायचे. त्या दोघांचं बरं जमायचं. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि भांडणंसुद्धा व्हायची.

गावात पोचलो त्या संध्याकाळी मी सामान खोलीत टाकलं आणि तशीच धक्क्यावर गेले. ऊन उतरलं होतं. समोर पाण्यात तो किल्ला, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा असा. फोन लावला. तिकडे रात्र झालेली, अण्णा झोपाळ्यावर, गळ्याला मफलर. मी फोन फिरवून किल्ला दाखवला. ते चष्मा वर खाली करत बघत राहिले. मग म्हणाले, लहान आहे गो. आपला मोठा. मी म्हटलं, हो, तुमचंच सगळं मोठं. त्यावर हसले. आणि मग तो प्रश्न आलाच.

"गोडं पाणी कुठून आणत होते, विचारलंस का?"

मी म्हटलं, आत्ता तर आलोय, उद्या जाते आत आणि विचारून सांगते. "सांग मग," म्हणाले. आईने फोन घेतला, पोरीला काही खायला घातलंस का वगैरे झालं, आणि ठेवला. एवढंच. ह्याहून मोठं काही आमच्यात शेवटचं बोलणं झालं नाही. पाण्याचं विचारून सांगते, एवढंच.

त्या रात्री त्यांना श्वास घेता येईना. भावाने गाडी काढली आणि इस्पितळात नेलं. धाकटा आहे तो माझा, अलिबागेतच असतो. सकाळी त्याने फोन केला, पण मला नाही. माझ्या नवऱ्याला.

हे एक सांगायलाच हवं, कारण आयरिश माणसाला हे समजावता समजावता माझी जीभ थकलीय. आमच्याकडे वाईट बातमी अशी सरळ देत नाहीत. कोणाची परीक्षा असते, कोणी पोटुशी असते, कोणी परदेशात असतं. मग 'तिला इतक्यात सांगू नका' असं कोणीतरी म्हणतं, आणि बाकीचे सगळे ते पोटात ठेवतात. माझी मावशी गेली तेव्हा आजीला महिनाभर कळू दिलं नव्हतं. आजी रोज विचारायची, तिचा फोन कसा नाही, आणि सगळं घर सांगायचं, तिकडे लाइनच बंद आहे. ह्याला आम्ही माया म्हणतो. आणि मी कामाला कुठे आहे? औषधांच्या कारखान्यात, गुणवत्तेच्या खात्यात. तिथे एखाद्या यंत्राने नुसतं वेगळं वाजून दाखवलं तरी त्याच दिवशी वरपर्यंत कळवावं लागतं, लपवलं तर नोकरी जाते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मागे लागून हे करवून घेते. आणि माझ्या घरात माझा बाप मेला तरी मला कानोकान खबर नाही.

तर सकाळी नाश्त्याला नवरा फोन घेऊन बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आला. म्हणाला, ऑफिसचं. मी म्हटलं, सुट्टीत कशाला उचलतोस. तो म्हणाला, चल, किल्ला चढूया, ऊन व्हायच्या आत.

आता हा माणूस म्हणजे सुट्टीत गादीवरून न हलणारा. त्याला कुठे बघायला न्यायचं म्हणजे पाच वेळा चहा द्यावा लागतो. त्या दिवशी मात्र तो पुढे आणि आम्ही मायलेकी मागे. पायऱ्या उंच, वळणावळणाच्या, एका बाजूला कडा. प्रत्येक वळणावर तो थांबायचा, मला म्हणायचा, इथे उभी राहा, फोटो काढतो. मी चेष्टा केली, काय रे, टूर कंपनी काढलीस की काय? तो हसला. आता ते हसणं मला आठवतं. तेव्हा काही दिसलं नाही.

वर दारावर दगडात कोरलेला पंखांचा सिंह आहे. आत एकात एक असे किल्ले आहेत, प्रत्येकाला वेगळा तट. एका बुरुजात एवढीशी अंधारकोठडी आहे, वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. तिथे म्हणे ग्रीकांचा एक मोठा सरदार कैदेत होता. मुलगी आत गेली, मी अंग चोरून बाहेरच उभी राहिले. आणि मग मला टाकं सापडलं. जमिनीखाली, कमानींचं, पावसाचं पाणी साठवण्याचं मोठं टाकं. मला काय आनंद झाला. मी दहा फोटो काढले, खाली लिहिलं: अण्णा, हे घ्या तुमचं पाणी! वरच्या किल्ल्यात पावसाचं साठवत. खालच्याचं दुपारी सांगते.

थोड्या वेळाने अण्णांच्या फोनवरून उत्तर आलं. छान. आणि अंगठा.

माझ्या बापाने जन्मात कधी कोणाला 'छान' लिहिलं नाही. टाक्याचा फोटो बघून तो माणूस निदान चार प्रश्न विचारेल: किती खोल, चुना कसला, पाझर लागतो का. मी नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, बघ, आजारपणाने किती मवाळ झालेत. तो फोनकडे बघत राहिला आणि म्हणाला, थकले असतील, झोपू दे त्यांना, सारखं सारखं पाठवू नकोस. तो 'छान' माझ्या भावाने लिहिला होता, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून. अण्णा आत होते. शुद्धीवर होते. बोलत होते.

हे मला नंतर कळलं, आणि हेच मला सोडत नाही. अंत्यदर्शन वगैरे ठीक आहे. त्याच सकाळी निघाले असते तर पोचले असते की नसते, ह्याचा हिशोब मी शंभरदा केला आहे, आणि दर वेळी वेगळा येतो. पण ते बोलत होते. कोणीतरी फोन त्यांच्या कानाशी धरला असता तर मी त्यांना पाण्याचं सांगितलं असतं.

दुपारी होडीने समुद्रातल्या किल्ल्यावर गेलो. होडीवाल्याने माहिती दिली, की एके काळी तिथे जल्लाद राहायचे. वरच्या किल्ल्यातल्या कैद्यांना मारणारे. म्हातारे झाले तरी गावात त्यांना कोणी घर देईना, शेजार नको म्हणून, मग ते पाण्यातच राहिले. मी हेही अण्णांना पाठवलं. ह्यावर तर ते उड्या मारतील असं मला वाटलं. पुन्हा अंगठा. खालच्या किल्ल्यातही टाकी होती, तिचाही फोटो पाठवला. काहीच आलं नाही.

रात्री मी आईला फोन लावला. आईने उचलला, पण कॅमेरा बंद ठेवून. म्हणाली, नेट नीट नाही. अण्णा झोपलेत. औषधाने झोप येते. तुम्ही नीट जेवा. तिच्यामागे कसलासा आवाज येत होता, लोक बोलत होते. मी विचारलं, कोण आलंय? ती म्हणाली, टीव्ही. माझी आई आयुष्यात खोटं बोललेली नाही असं आम्ही सगळे म्हणायचो. जळो. वेळ आली की तीही किती सफाईने बोलली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते गेले. नवऱ्याच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी अंघोळीला होते आणि फोन होता आमच्या मुलीच्या हातात. आदल्या दिवशीचे फोटो बघत होती. माझा भाऊ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. अण्णा गेले. ताईला इतक्यात सांगू नका, तिकडे एकटी पडेल. तिने वाचलं. तिला ते कळलं. बोलायला नको असतं, पण कळायला सगळं कळतं पोरीला. तिने बापाला दाखवलं, आणि बापाने तिला गॅलरीत नेऊन सांगितलं, की आईला आपण घरी गेल्यावर सांगायचं. तोवर तू काही बोलायचं नाहीस. अकरा वर्षांच्या पोरीला.

मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. माझी सहल चालू होती. टेकडीच्या पलीकडे छोटा गोट्यागोट्यांचा किनारा आहे, तिथे गेलो. नवरा थंड पाण्याला इतका भितो की डब्लिनच्या समुद्रात त्याने अंगठासुद्धा कधी बुडवलेला नाही. त्या दिवशी तो सरळ आत गेला, कपड्यांसकट, छातीपर्यंत. उभा राहिला. मग डोकं बुडवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी काठावर बसून पोट धरून हसत होते, म्हटलं, अरे, चड्डी तरी आणली होतीस ना! फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. ओला, डोळे मिटलेला. सासऱ्याच्या नावाने अंघोळ करत होता तो, आणि मला ती गंमत वाटली म्हणून त्याला कारणही सांगावं लागलं नाही.

मुलगी पाण्यात गेली नाही. दगडावर बसून राहिली. काही खाईना. आइस्क्रीम हातात वितळलं, मनगटावरून ओघळलं, तरी चाटलं नाही. मी तिच्यावर ओरडले. सुट्टीवर येऊन तोंड पाडून बसायचं असेल तर पुढच्या वेळी घरी ठेवून येऊ, म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. नवरा मधे पडला आणि म्हणाला, पोट दुखतंय तिचं. मी म्हटलं, मग सांगायला काय झालं? तोंड नाही का?

उरलेले दोन दिवस आम्ही बाकीचं सगळं बघितलं. संग्रहालय, जुनी मशीद, हातात फिरवायच्या मण्यांच्या माळांचं दुकान. अण्णांसाठी मी एक माळ घेतली, काळ्या मण्यांची. नवरा शेजारी उभा होता. कुठली घेऊ विचारलं तर ही घे म्हणाला.

डब्लिनला दुपारी उतरलो. घरी आल्यावर मी बॅगा उघडायला लागले, तर तो म्हणाला, राहू दे, आधी जेवून घे. त्यानेच कुकर लावला, वरणभात, वर तूप, लोणचं. प्रेसमधून ताटं काढली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आमच्याही तोंडी तेच बसलंय. प्रवासाने मला सपाटून भूक लागली होती. मी दुसऱ्यांदा भात घेतला. तो माझ्या ताटाकडे बघत होता. त्याच्या आईने शिकवलेलं त्याला, की उपाशी माणसाला मरणाची बातमी देऊ नये. मी हात धुऊन आले तेव्हा मुलगी जिन्यावर जाऊन बसली होती. मग तो बोलला.

मी रडले नाही. मी आधी विचारलं, कधी? त्याने सांगितलं. मी मनातल्या मनात दिवस मागे लावत गेले, पायऱ्या, टाकं, होडी, किनारा, आणि किनाऱ्यावर पोचले तेव्हा तोंडातून जे निघालं ते लिहिण्याजोगं नाही. शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याने येऊन बेल वाजवली, सगळं ठीक आहे ना विचारायला. आणि माझ्या नवऱ्याने दार उघडून त्याला सांगितलं, हो, सगळं ठीक आहे. बघा.

अलिबागला पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. अस्थी तेवढ्या भावाने ठेवल्या होत्या, माझ्यासाठी. घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवून एकच सांगत होता: जावई देवमाणूस आहे गं तुझा, एवढं मोठं दुःख एकट्याने पोटात ठेवलं, तुला कळूसुद्धा दिलं नाही. आत्या तर म्हणाली, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मला त्या सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटत होतं.

भावाला मी माडीवर गाठलं. तो म्हणाला, ताई, अण्णांचीच इच्छा होती. मी आईला विचारलं, नक्की काय म्हणाले ते, शब्द सांग. आईने आठवून सांगितलं. श्वास लागला होता, मास्क बाजूला करून विचारलं त्यांनी, ती पोचली का किल्ल्यावर? आई हो म्हणाली. मग म्हणाले, तिला त्रास देऊ नका.

बस, एवढंच. आजारी माणूस जे हजार वेळा म्हणतो तेच. पाणी देऊ का, तर नको, त्रास घेऊ नका. उशी वर करू का, तर राहू दे. त्याचा अर्थ ह्या सगळ्यांनी असा लावला, की तिला सांगू नका. मला विचाराल तर ते माझी वाट बघत होते. मी किल्ल्यात गेले का हे विचारणारा माणूस पाण्याचं उत्तर ऐकल्याशिवाय गप्प बसेल? पण हे मी कुणाशी भांडून ठरवणार. ज्याला माहीत होतं तो गेला.

डब्लिनला परतल्यावर नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होते. भाजी काय आणायची, पोरीला कोण आणणार, तेवढं. त्यानेही सारवासारव केली नाही. एकदाच भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू टाकं सापडलं म्हणून नाचत होतीस. मला तो दिवस मोडवेना." मी म्हटलं, तो दिवस माझा होता, मोडायचा की नाही ते मी ठरवलं असतं. तो म्हणाला, हो. ह्यापुढे आमचं त्या विषयावर बोलणं झालेलं नाही. संसार चालू आहे. चांगला माणूस आहे तो, हे मीही जाणते, आणि म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

मुलीचं मात्र आमच्या लक्षात यायला वेळ लागला. ती शाळेच्या सहलीला जाईना. मैत्रिणीकडे रात्री राहायला गेली तरी झोपायच्या वेळी फोन, आणि प्रश्न एकच, सगळे आहेत ना? मी म्हणायचे, आहेत गं बाई, सगळं ठीक आहे. ती म्हणायची, बाबाला दे. मग बाबाला विचारायची, आईला काही सांगायचं राहिलंय का?

गेल्या उन्हाळ्यात ती कॉनमाराला गेली, तीन आठवडे, आयरिश भाषा शिकायच्या शिबिराला. इथली सगळी पोरं त्या वयात जातात. एका घरी राहायचं, दिवसभर आयरिश बोलायचं. इंग्रजी बोललं तर शिक्षा, आणि फोन काढून घेतात. ती जायला तयार नव्हती. शेवटी तिने मला समोर बसवून वचन घेतलं, की काही झालं तर तू स्वतः यायचंस, फोन नाही करायचा, यायचं. मी दिलं.

दुसऱ्याच आठवड्यात माझी आई अलिबागला न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. भावाने तासाभरात मला कळवलं. तेवढं तो शिकलाय, मला भितो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालाच, पोरीला कशाला सांगतेस, शिबिरात आहे, मजा करू दे.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. उठून खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "मी चालवतो," म्हणाला.

अख्खा देश आडवा पार करून आम्ही दुपारी तिथे पोचलो. ज्या घरी ती राहत होती तिथली बाई दारातच भेटली. भली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, पोरगी अगदी ग्रँड आहे, आत्ता कुठे रमलीय, शनिवारपर्यंत थांबलं तर नाही का चालणार? म्हणजे हे लोकही तेच. मी म्हटलं, नाही चालणार.

मुलगी बाहेर आली. आम्हा दोघांना एकत्र उभं बघून ती पायरीवरच थांबली. इंग्रजी बोलायची तिथे बंदी होती. आयरिश मला येत नाही. तिने मराठीत विचारलं, "आजी गेली?"

मी म्हटलं, नाही राणी, पडली आहे, पाय मोडलाय, उद्या ऑपरेशन आहे, बाकी ठीक आहे.

"तू तसंच सांगणार," ती म्हणाली.

बापाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी फोन काढला आणि भावाला लावला. तिकडे संध्याकाळ होती. त्याने फोन आईच्या तोंडासमोर धरला. आई पलंगावर, केस विस्कटलेले, एका हाताला सलाईन. नातीला बघून आधी हरखली आणि मग माझ्यावरच घसरली, पोरीला एवढ्या लांब जाऊन कशाला घाबरवलंस म्हणून. मला काही झालेलं नाही हो, मी ठणठणीत आहे, म्हणाली.

मुलीने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "आजी, हात वर कर," ती म्हणाली.

आईने उजवा हात वर केला.

"दुसरा."

दुसऱ्या हाताला सुई होती. आईला वाटलं, नात खेळतेय. तिने तोही उचलला, नळीसकट, आणि हसत हसत हलवला. पोर हसली नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन तो हात खरंच हलतोय का ते बघत राहिली.